लोडरची क्विक-हिच फ्रेम बनवणाऱ्या मिस्त्रींना जाहीर पत्र

मिस्त्री,

सा. न. वि. वि.

पैसे चुकते झाले, माल ताब्यात आला, म्हणजे व्यवहार संपला असं तुम्ही म्हणाल. तसं ते खरंही आहे. पण तुमच्या क्विक-हिच फ्रेममुळे, म्हणजे लोडरचे आर्म आणि बकेट यांच्यामध्ये बसून बकेट झटपट जोडू-सोडू देणाऱ्या चौकटीमुळे, पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवरच्या लोडरची बकेट आता एकटा ड्रायव्हर बदलतो आणि घण कुणी शोधत नाही. तेव्हा हे चार लोकांसमोर लिहायला हवं.

आधी दुसऱ्या दुकानात करून घेतलेलं काम तुम्ही पाहिलंच होतं. पाहून एवढंच म्हणालात, "हे कापावं लागेल." त्या कारागिराला तुम्ही नावं ठेवली नाहीत. ते काम इथे मी करतो, फक्त दुकानाचं नाव घेत नाही. तिथे बकेटचे वरचे हूक, जे फ्रेमच्या आडव्या बारवर अडकतात, ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कापले होते. "लोखंड कडक आहे, वाकणार नाही," अशी हमी होती. वाकलं नाहीच, थेट वेल्डिंगच्या कडेनं तडकलं. कमानपाट्यात कार्बन जास्त असतो. तो आधी न तापवता जोडला की रॉडच्या शेजारची पट्टी थंड होताना काचेसारखी ठिसूळ होते. सोळा मिमीच्या प्लेटला कड न तासता वेल्डिंगच्या साध्या 6013 रॉडचा एकच हात फिरवला होता. वरून लाटा मात्र इतक्या सुबक, की फोटो काढावा. आत सांधा धरलाच नव्हता.

त्याहून मोठी गफलत मापात होती. बकेटच्या कानावर आर्मची पिन आणि बकेट फिरवणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची पिन यांच्यात केंद्र ते केंद्र 260 मिमी अंतर होतं. नव्या फ्रेमवर ते 285 केलं, कारण तिथे रॉड घालायला हात नीट जात होता! जॅकचा स्ट्रोक, म्हणजे त्याचा दांडा सरकण्याचं अंतर, तेवढाच राहिला आणि तरफ लांबली. जी बकेट सुमारे 90 अंश फिरायची ती 80 वर अडली. मागे पुरती वळत नाही म्हणून माल सांडतो, पुढे पुरती झुकत नाही म्हणून ओलं शेणखत तळाला चिकटून राहतं. आणि दोष कुणाला? "तुमचा जॅक कमजोर आहे."

तुम्ही टेप बाजूला ठेवलात आणि जुन्या बकेटच्या कानांवरून सहा मिमीच्या पत्र्याचा साचा काढलात. दोन्ही बाजूंच्या बुशांतून, म्हणजे पिना बसायच्या नळ्यांतून, एकच सरळ आरपार बार घातलात, मग टाके मारलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. पूर्ण वेल्डिंग होऊन फ्रेम हाताला गार लागेपर्यंत तो बार काढू दिला नाहीत. बुशांचं बोअरिंग, म्हणजे आतून तासून भोक मापात आणणं, तेही वेल्डिंगनंतर केलंत. आधी अचूक बोअर केलेला बुश वेल्डिंगच्या आचेनं आवळतो, मग पिन घणानं ठोकावी लागते आणि एकदा ठोकलेली पिन शेतात निघत नाही. 7018 रॉड तीनशे अंशांवर सुकवून घेतलेत, कडा तासल्यात, मुळाला 3.15 मिमी रॉडचा हात आणि वर चार मिमीचे थर. हूक साध्या वीस मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटचे ठेवलेत. लॉकची पिन तीस मिमी ईएन-8 पोलादाची, टोकाला पंचवीस मिमी निमुळती, म्हणजे एखादं सूत (सुमारे तीन मिमी) इकडेतिकडे असलं तरी स्वतःच वाट काढते. हुकांचे खोबण दोन्ही बाजूंनी उघडे ठेवलेत, चिखल साचला तर बार त्याला बाहेर ढकलतो. लॉकच्या पिना ज्यात शिरतात ते बकेटचे खालचे डोळे मात्र अगदी शेवटी. बकेट सपाट काँक्रीटवर, फ्रेम ट्रॅक्टरवर, हूक बारवर बसलेले, लॉकच्या पिना आत, आणि मग डोळ्यांना टाका. बाकीचे लोक हेच आधी करतात आणि नंतर भोकं मोठी करत बसतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. चांगलं वेल्डिंग करणारे आणखी सापडतील, उद्यमनगरात तर गल्लीगल्लीत सापडतील.

तुम्ही विचारलंत, "चालवणार कोण?" मालक पुढे सरकला, तेव्हा तुम्ही त्याला हातानं थांबवलंत आणि ड्रायव्हरला सीटवर बसवलंत. तो वीतभर बुटका. बॉनेट आणि बकेटची वरची कड यांच्याआडून त्याला लॉकच्या पिना दिसतच नव्हत्या. तुम्ही सीटशेजारी उभे राहून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मान वाकवलीत, मग दोन्ही पिनांच्या शेपटीला दहा मिमीची एकेक उभी सळी जोडलीत आणि "दिसतंय का?" असं त्यालाच विचारत ती कापलीत. पिन पुरती आत गेली की सळीचं टोक फ्रेमवरच्या पांढऱ्या रेघेशी जुळतं, बाहेर राहिली तर लाल पट्टा उघडा पडतो. सळी लॉकच्या दांड्याला न जोडता पिनेलाच का जोडली, हेही त्यालाच सांगितलंत: दांडा बसतो, पण मातीनं अडलेली पिन अर्ध्यावर राहू शकते. दोन्हींना वेगळी खूण, कारण एक बसून दुसरी न बसणं हेच जास्त होतं.

यात जिवाचा प्रश्न आहे, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. बकेट भरलेली असताना वजनानंच तिचा तळ फ्रेमवर दाबलेला असतो. लॉक लागलं नसलं तरी सगळं घट्ट वाटतं. ट्रॉलीवर नेऊन ओतताना तळ मोकळा होतो आणि बकेट हुकांवर झुलून सुटते. खाली ट्रॉलीत माल पसरणारा माणूस असतो. म्हणूनच तुम्ही ड्रायव्हरला शिकवलंत, की जोडल्यावर बकेटचं पातं जमिनीवर टेकवून पुढची चाकं किंचित हलकी होईपर्यंत दाबायचं. लॉक नसेल तर तळ तिथेच उघडतो, डोक्यावर नाही. ट्रॅक्टर ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी सगळे बोलतात, हँडल ज्याच्या हातात त्याच्याशी कोण बोलतं? शोरूममध्ये नाही, कॅम्पमध्ये नाही. सज्जनपणा म्हणजे दानधर्म असा एक समज आपल्याकडे आहे. मला वाटतं, बहुतेक वेळा तो प्रश्न योग्य माणसाला विचारण्यात असतो.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही, ती तुम्ही पैसे घेण्याआधी सांगितलीत. फ्रेमचं वजन 65 किलो. बकेट 110 मिमी पुढे सरकली. आर्मच्या वरच्या पिनेपासून बकेटच्या मध्यापर्यंत सुमारे 2,400 मिमी, म्हणजे उचल साडेचार टक्क्यांनी घटली. 800 किलो उचलणारा लोडर 765 वर आला, त्यातून 65 गेले, हातात 700 उरले. ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकेजला, जिथे अवजारं जोडतात तिथे, 600 बाय 600 बाय 550 मिमीचा काँक्रीटचा ठोकळा लावायला सांगितलात, तो पावणेपाचशे किलोच्या आसपास भरला. पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार त्यानं बराच हलका झाला, आणि वळताना मागची चाकं आता उचलत नाहीत.

पाचटाच्या गाठी उचलायचा काटा तयार आहे, हूक आणि डोळे अजून लावलेले नाहीत. ते तुमच्याच साच्यावरून लावायचे, दुसऱ्या कुणाच्या अंदाजानं नाही. तो घेऊन येऊ तेव्हा वरचा बारही एकदा बघा. डाव्या हुकाखाली रंग पार घासला गेलाय, उजव्याखाली तसाच आहे. भार एकाच बाजूला येतोय असं दिसतं. काटा जोडण्याआधी ते कळलेलं बरं.

ड्रायव्हरनं नमस्कार सांगितलाय. त्याचा निरोप वेगळा, माझा वेगळा समजा.

आपला,
एक शेतकरी