चार दिवस उशिरा

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांना मी उत्तर दिले नाही, याबद्दल तू रागावलास तर तो तुझा हक्कच आहे. माझी प्रकृती ठीक, गुडघा होता तसाच. धाकटा मात्र घर सोडून गेला, त्याला आता आठ महिने होतील. कशावरून, हे तू ओळखले असशीलच. हट्टाच्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एका सज्जनाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "धीर धरा, प्रभूची वेळ कधी चुकत नाही." मी त्यांचा हात झटकून चालता झालो. घरी पोहोचेपर्यंत लक्षात आले, की हे वाक्य माझेच होते. दादाला माती दिली त्या संध्याकाळी मी तुला येशूने कबरेतून उठवलेल्या लाजराचा दाखला दिला, आणि तू म्हणालास, "माझा भाऊ चौथ्या दिवशी उठणार नाही, तेव्हा तू आता घरी जा." पुढची दोन वर्षे आपण बोललो नाही, आणि तेवढा काळ मी तुलाच अल्पविश्वासी समजत राहिलो. पुन्हा बोलू लागलो तेव्हाही तो विषय दोघांनी टाळला.

काल योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय पुन्हा काढला. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. एवढे मी तुला घडाघडा म्हणून दाखवले होते. पण मार्था आणि मरीया या लाजराच्या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येऊन एकच बोलतात, की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, आणि त्या तक्रारीबद्दल येशू एकीलाही दटावत नाही, उलट मरीयेला रडताना पाहून स्वतः रडतो, हे मी नेमके गाळले होते. लाजर उठणार हे ठाऊक असूनही तो रडला. मला तुझ्याजवळ पाच मिनिटे गप्प बसणे जमले नाही. त्याची माफी आज मागतो. धीर म्हणजे तोंड मिटून सोसणे, हे माझ्या डोक्यात कोणी भरवले कोण जाणे, कारण याकोब आपल्या पत्रात ज्याच्या धीराचा दाखला देतो तो ईयोब स्वतःच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातच आपल्या जन्मदिवसाला शाप देऊन मोकळा होतो. (संडे स्कूलच्या बाईंनी तो अध्याय वगळला होता, मला वाटते, तुझ्या प्रश्नांच्या धास्तीने.)

खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्या रविवारी रात्रीच मी मुलाला संदेश लिहिला, की आईची प्रकृती बिघडली आहे, लगेच निघ. ती शेजारच्या खोलीत ठणठणीत होती. पाठवणार, इतक्यात अब्राहाम आठवला. तुझ्यापासून मोठे राष्ट्र करीन, या देवाच्या शब्दावर त्याने हारान गाव सोडले ७५ व्या वर्षी. इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मध्ये, कनानात दहा वर्षे काढूनही मूल होईना, तेव्हा त्याच्या बायकोने, साराने, आपली दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याची युक्ती काढली, त्याने मान डोलावली, आणि ८६ व्या वर्षी इश्माएल झाला. पुढे त्या युक्तीची झळ लागली ती हागारेला आणि तिच्या पोराला. मी संदेश पुसून टाकला. यात माझ्या विश्वासाचा मोठेपणा शोधू नकोस. लबाडी उघडी पडली तर तो कायमचा जाईल, ही भीतीही त्यात होतीच.

मग खरे तेवढेच लिहिले: "दार उघडे आहे. चूक माझी होती." उत्तर आलेले नाही. रोज रात्री मी प्रार्थनेत देवाशी भांडतो, आणि भांडून झाले की झोप लागते. यालाच भरवसा म्हणतात का, हे तू सांग, कारण दादा गेल्यावरही तू उपासनेला येणे सोडले नाहीस; हाताची घडी घालून, एकही गीत न गाता, शेवटच्या बाकावर बसत राहिलास. तेव्हा मला तो तुझा ताठा वाटला होता.

ताईंच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? बदली रद्द झाली असेल तर अभिनंदन, झाली असेल तरीही. पत्र लवकर लिही. वचने मात्र पाठवू नकोस. ती माझ्याजवळ पुष्कळ आहेत.

तुझाच,
मित्र