काळ्या मिरीऐवजी तिरफळ घाला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला चिनी स्वयंपाकाच्या जिनसांवरचा लेख आवडला. सोया सॉस, टोफू यांची ओळख नेमकी करून दिली आहे. पण मापो टोफू या तिखट चिनी पदार्थाच्या कृतीत, त्यातल्या हुआजाव या मसाल्याच्या सुक्या फळाबद्दल, ‘हुआजाव मिळाली नाही तर काळी मिरी चालेल’ असं छापलंय, ते वाचून राहवलं नाही. काळी मिरी नाही चालणार. आणि हे आम्हा कोकणातल्या माणसांनीच सांगायला हवं, कारण हुआजावचं भावंड आमच्या परड्यात उभं आहे. तिरफळ!

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हुआजाव आणि तिरफळ दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली, लिंबू आणि कढीपत्त्याच्या कुळातली, अंगभर काटे असलेली झाडं. काळी मिरी वेलीवरची, तिचं कूळच वेगळं. भाच्याने चीनमधल्या चेंगडू शहरातून हुआजावची पुडी आणली तेव्हा ती आणि घरची सुकी तिरफळं मी एका ताटलीत ठेवून पाहिली. हुआजाव लालसर, आकाराने लहान, सालीवर पुळ्यांसारखे तेलाचे बारीक फुगवटे. दोन्ही फळं सुकली की उलतात, आतली काळी चकचकीत बी टाकायची आणि टरफल वापरायचं. दाताखाली धरलं की आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जीभ झिणझिणते, ओठ बधिर होतात. काळी मिरी नुसती तिखट लागते.

चीनमध्ये या फळाला केवढा मान! अमेरिकेतली मिरची तिकडे पोचली सोळाव्या शतकात. हुआजाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीत, राजधानी चांगआनच्या राजवाड्यात महाराणीच्या दालनाच्या भिंती हुआजाव कालवलेल्या मातीने लिंपत. खोलीला सुवास आणि ऊब तर मिळेच, शिवाय घोसाघोसाने लगडणारं फळ म्हणून ते भरपूर संततीचं चिन्ह मानलं जाई. नव्या वर्षाच्या दिवशी मुलं-सुना घरातल्या थोरांना हुआजाव घातलेलं मद्य देऊन दीर्घायुष्य चिंतीत. चीनच्या सिचुआन (म्हणजे आपलं ‘शेजवान’) प्रांतातल्या हानयुआनची हुआजाव तर बादशहाकडे नजराणा म्हणून जात असे. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत मिरची, लसूण, व्हिनेगर सगळं असतं, पण जिच्यावर सिचुआनचा स्वयंपाक उभा आहे ती हुआजाव बहुधा नसतेच, याचं मला फार वाईट वाटतं.

मापो टोफूचा तिखटपणा येतो तो सिचुआनमधल्याच पिशियन गावच्या दोउबानजियांग या मुरवलेल्या तिखट वाटणातून. बाकल्याच्या डाळिंब्या आणि मिरच्या मिठात घालून वर्षभर, कधी त्याहून जास्त, मातीच्या रांजणांत मुरवतात. ऊन असेल तेव्हा झाकण काढून ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. आमच्याकडे आंब्याच्या लोणच्याची इतकी उस्तवार करत नाहीत. हुआजाव मात्र भाजून, पूड करून शेवटी वरून भुरभुरतात. बांगड्याच्या तिखल्यात आम्हीही तिरफळं ठेचून उशिराच घालतो; फार वेळ उकळली तर वास उडतो आणि कडवटपणा उतरतो.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी. हुआजाव नसेल तर चौघांच्या मापो टोफूला सहा-सात सुकी तिरफळं घ्यावीत, बिया वेचून टाकाव्यात, मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतून खलबत्त्यात कुटावीत आणि गॅस बंद केल्यावर घालावीत. तिरफळाचा वास हुआजावपेक्षा उग्र, म्हणून आधी निम्मी पूड घालून चव पाहावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले