१९३०च्या दशकातला म्हणून विकलेल्या क्यूबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या स्नूकर क्यूचे खोटे वर्णन करून विक्री केल्याबद्दल

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून एक जुना इंग्लिश क्यू (स्नूकर खेळायची काठी) ३८,५०० रुपयांना घेतला. प्रमाणपत्रात म्हटले आहे : '१९३०च्या दशकातला, हाताने स्प्लाइस केलेला, मूळ अवस्थेत.' यातले एकही खरे नाही.

बुंध्यावरच्या बिल्ल्यावर इंग्लिश स्नूकरपटू जो डेव्हिस यांच्या नावाखाली १४७चा विक्रमी ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) छापला आहे. तो ब्रेक त्यांनी लंडनमध्ये विली स्मिथ यांच्याविरुद्ध केला २२ जानेवारी १९५५ रोजी; अधिकृत मान्यता मिळायला १९५७ उजाडले. मग १९३०च्या दशकातल्या क्यूवर तो आकडा आला कुठून?

स्प्लाइस म्हणजे दांडा आणि बुंध्याचे लाकूड यांची सांधणी. हाताच्या स्प्लाइसमध्ये निमुळता दांडा रंध्याने तासून त्यावर एबनीच्या (काळ्या लाकडाच्या) पट्ट्या चिकटवतात आणि पुन्हा गोल करतात. त्यामुळे पट्ट्यांची टोके कमानीसारखी गोलसर दिसतात. यंत्राच्या स्प्लाइसमध्ये लाकडे एकमेकांत दातांसारखी बसतात, टोके अणकुचीदार येतात. या क्यूची चारही टोके अणकुचीदार आहेत. यंत्राचा क्यू वाईट असतो असे माझे म्हणणे नाही, पण त्याची किंमत वेगळी असते.

सगळ्यात जास्त मनाला लागले ते जोडाचे, म्हणजे क्यूचे दोन भाग जिथे जुळतात त्या जागेचे. माझे वडील पुण्यातल्या एका क्लबात ३४ वर्षे मार्कर (बिलियर्डच्या टेबलापाशी गुण मोजणारे) होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्डचे जगज्जेते झाले तेव्हा वडील शाळेत होते. त्या बातमीने ते या खेळाकडे ओढले गेले. त्यांच्या ८०व्या वाढदिवसाला देण्यासाठी मी हा क्यू घेतला. त्यांनी एक डोळा मिटून तो टोकापर्यंत पाहिला. सरळ आहे, म्हणाले. मग खिडकीपाशी जाऊन पितळी जोडावर अंगठा ठेवला आणि क्यू सावकाश फिरवला. अ‍ॅशच्या लाकडात बाणासारखी नक्षी असते. जोडाच्या वरच्या भागात ते बाण एका ओळीत आहेत, खाली ती ओळच सापडत नाही, रेषाही दाट आहेत. "दोन वेगळ्या काठ्या जोडल्यात रे," एवढेच बोलून त्यांनी क्यू पेटीत ठेवून दिला. त्यानंतर तो बाहेर काढलेला नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "जुन्या वस्तूत थोडंफार असतंच." ओरखडे असतात, टिपेजवळ (चेंडूला लागणाऱ्या टोकाजवळ) झिजलेले असते, किंचित वाकही असतो. ते आम्ही आनंदाने घेतो. दुसऱ्याच क्यूचा दांडा जोडून 'मूळ अवस्थेत' म्हणणे यात बसत नाही.

१५ दिवसांत कुरिअरखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तसेच हे प्रमाणपत्र रद्द केल्याचे मला लेखी कळवावे, म्हणजे हाच क्यू त्याच वर्णनाने पुन्हा दुसऱ्या कुणाला विकला जाणार नाही.

सोबत : पावती, प्रमाणपत्राची प्रत, बिल्ला व जोडाची छायाचित्रे.

आपला ग्राहक,
(सही)
पुणे