ब्लिसवर्थच्या बोगद्यात शिरण्याआधी

प्रिय सुहास,

स.न.

तुम्ही इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर स्टोक ब्रुअर्न गावाहून बोटीने उत्तरेला निघणार, म्हणजे लॉक (बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) संपले की थोड्याच वेळात ब्लिसवर्थचा बोगदा. 1805 साली खुला झालेला, 2,813 मीटर लांब, आत पायवाट नाही. पार व्हायला 35-40 मिनिटं धर. तोंडाशी काँक्रीटचं एक मोठं कडं उभं आहे. 1980च्या दशकात मधला भाग अशाच कड्यांनी नव्याने बांधला. ते नीट बघून घे, आत जागा किती मिळणार ते तिथेच कळेल.

शिरण्याआधी गॅस बंद, सगळ्यांना लाइफ जॅकेट. ऊन असलं तरी रेनकोट घाल, हवेसाठी खणलेल्या उभ्या विहिरींतून डोक्यावर पाणी पडतं. केबिनमधले दिवे लाव आणि पडदे उघड, म्हणजे खिडक्यांतला उजेड भिंतींवर पडून अंतर कळतं. तुझ्यासमोरचं मागचं दार मात्र लावून घे, नाहीतर तोच उजेड डोळ्यांत येईल. हेडलाइट थोडा वर आणि किंचित उजवीकडे वळव. सरळ ठेवलास तर समोरून येणाऱ्या बोटीच्या चालकाला काही दिसणार नाही. मग एक लांब भोंगा.

आता खरं काम. नजर भिंतीवर ठेवलीस की हात तिकडेच जातो, म्हणून उजेड संपतो तिथे लांब बघत राहा. बोटीचं पुढचं टोक उजव्या भिंतीकडे सरकलं तर टिलर (सुकाणूचा दांडा) उजवीकडे अगदी थोडा ढकल आणि थांब. बोट लांब आहे, वळायला वेळ घेते. घाबरून जोरात ढकललास तर मागचा भाग त्याच भिंतीवर आपटतो, पुढचं टोक डावीकडे जातं, आणि मग सगळा बोगदाभर नागमोडी. बहुतेक टकरा अशाच होतात रे!

समोरचा दिवा दिसल्यावर तो पोचायला दहा मिनिटंही लागू शकतात, तेव्हा घाई नको. जवळ आला की उजवीकडे हो, वेग कमी कर, पण गिअर काढू नकोस: बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचं पाणी सुकाणूवर आलं नाही तर बोट वळतच नाही. भिंतीला हलकं घासलं तर घासू दे. हातापायाने ढकलायला कोणी जायचं नाही, हे मुलांना आधीच बजाव.

पंख्यात दोरी किंवा प्लास्टिक अडकलं असेल तर ते बोगद्याबाहेरच काढ. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच पंख्यावरचं झाकण उघडून आत हात. झाकण परत घट्ट आवळलंस का ते दोनदा बघ, सैल राहिलं तर तिथूनच पाणी भरून बोट बुडते.

वहिनींना नमस्कार. निघायच्या आदल्या रात्री फोन कर.

तुझा,
अविनाश