अंगण फोडलंय, जपून ये

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

वीज पडून घरातलं सामान जळल्याचं कळताच परवा फोनवर तू फ्रिज मागवायलाच निघाली होतीस. मागून आईचं 'दोन दारांचा नको' चाललं होतं. त्यात माझं म्हणणं राहून गेलं, म्हणून हे लिहितोय. फ्रिज, टीव्ही, काहीही एवढ्यात पाठवू नकोस.

पहिलं म्हणजे, वीज आपल्या घरावर पडली नाही. शेजारच्या माडावर पडली. चित्राचा पाऊस, दुपारचे साडेचार, आणि कापलेलं भात पडवीत ओढायची आमची घाई. आईच्या फोनवर 'दामिनी'ने इशारा दिला होता. तुमच्या पुण्यातल्या, पाषाणच्या हवामान संस्थेचंच ते ॲप. आईचा त्याच्यावर पंचांगाइतका विश्वास. 'प्लग काढा' असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मेन स्विच पाडलाय, पुरे झालं. तेवढ्यात सगळं पांढरंफेक झालं. माडाच्या शेंड्यातून धूर आणि घरात जळक्या प्लॅस्टिकचा वास.

स्विच बंद होता तर सामान जळलं कसं, हे तू विचारणारच. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि याचं उत्तर मला वायरमनने दिलं. जी वीज ढगापासून खालपर्यंत किलोमीटरभर हवा फोडून येते, तिला स्विचमधली चार मिलिमीटरची फट काय अडवणार? एमसीबीचंही, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचंही तेच. त्याला पडायला सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात, आणि विजेचा लोट दशलक्षाव्या भागांच्या हिशोबात काम उरकून मोकळा होतो. शिवाय तो एकट्या मीटरकडूनच येतो असं नाही. डिशची केबल आहे, विहिरीच्या पंपाची वायर आहे.

टीव्ही गेला, सेट-टॉप बॉक्स गेला, राउटर, इन्व्हर्टर, फ्रिजचं कार्ड, पाच एलईडी बल्ब आणि पंख्यांचे नवे सगळे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर गेले. आजीच्या खोलीतला तो काळा, डब्याएवढा, तापणारा रेग्युलेटर मात्र ठणठणीत! तू त्याला किती हसायचीस. मिक्सरही वाचला, कारण आई तो वापरून झाला की प्लग काढून फडक्यात गुंडाळून ठेवते.

रात्री मी मेन चालू करून बघणार होतो. आईने करू दिलं नाही, ते बरंच झालं. सकाळी वायरमन मेगर, म्हणजे वायरवरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन आला. सगळी उपकरणं सोडवून त्याने एकेक सर्किट तपासलं. निरोगी वायरिंगचं इन्सुलेशन एक मेगाओमच्या वर दाखवायला हवं. पडवीच्या लाइनचा काटा शून्यापाशीच लोळत राहिला. लाकडी पट्टीच्या आत वायर भाजून उघडी पडली होती, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. खाली सुकं भात! आता ती लाइन तोडून ठेवलीय, बाकीच्या एकेक करून सुरू केल्या. मीटरचा पडदाही काळा झाला होता, पण त्याचं सील आपण तोडायचं नसतं. महावितरणकडे तक्रार नोंदवली, लाइनमन येऊन मीटर बदलून गेला.

मग वायरमनने विचारलं, "मास्तरांनु, अर्थिंग खंय आसा तुमचा?"

बाय, तुझ्या लग्नात मांडवाखाली चिखल नको म्हणून मी अंगणाला कोबा घातला होता. अर्थिंगचा, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवायचा खड्डा तुळशीजवळ होता, त्याच्यावरूनही घातला. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं असतं, हे मला ठाऊक होतं, पण अंगण सपाट छान दिसत होतं. परवा कोबा फोडला तर पाइप जोडाशी गंजून सुटलेला. म्हणजे इतकी वर्षं घराला अर्थिंग नव्हतंच. तुझी मुलं मे महिन्यात ओल्या हातांनी त्या फ्रिजचं दार उघडत होती, ते आठवलं की झोप येत नाही.

आता दोन खड्डे करतोय, एकमेकांपासून लांब आणि आतून जोडलेले; आपल्या जांभ्यात एकाने भागत नाही. अर्थिंगचा रोध पाच ओमच्या खाली आला की मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवायचा. तो जादा दाब जमिनीत ढकलतो, पण जमिनीकडे वाटच नसेल तर तो बसवून उपयोग काय? आणि हे होण्याआधी तू पाठवलेला फ्रिज लावायचा तरी कशाच्या भरवशावर? गच्च्या, टॉवर यांवरचे वीजवाहक वेगळे. त्यांचं आपल्याला नंतर बघता येईल. प्लग मात्र आता मी स्वतः काढतो. ढग दिसण्याआधीच. गडगडाट सुरू झाल्यावर हातही लावत नाही.

घराच्या विम्यात वीज पडण्याचं कलम आहे, मी कागद काढून वाचला. तलाठ्याने पंचनामा केलाय. जळलेलं सामान सर्व्हेअर बघेपर्यंत टाकायचं नाही, म्हणून सगळं माजघरात मांडून ठेवलंय आणि आई त्याला अडखळून माझा उद्धार करते. फोटो तुला पाठवलेत, जपून ठेव. टीव्हीचं बिल तुझ्या ईमेलवर असेल, ते शोध.

जावईबापूंना सांग, दिवाळीला दूध-दही माठाच्या गारव्यात राहील, आईस्क्रीम मिळणार नाही. आणि रात्रीच्या गाडीने आलात तर तुळशीच्या डाव्या अंगाने या. उजवीकडचा खड्डा अजून उघडाच आहे, त्यावर मी फक्त एक फळी टाकलीय.

तुझा,
बाबा