थेरपीला सुट्टी देताना: ताईंना आभाराचं पत्र

प्रिय थेरपिस्ट ताई,

मुलाची बिहेवियर थेरपी, म्हणजे वर्तन सुधारण्याचे उपचार, काही आठवडे थांबवायची म्हटलं की पालकांना आधी अपराधी वाटतं, मग भीती वाटते. तुम्ही धीराचं भाषण न देता पानभर लेखी आराखडा दिलात. हे आभार त्या पानाचे.

‘मूल थेरपीच्या दारातच रडतं, ते दमलंय की थेरपीचं ध्येयच चुकीचं आहे, हे आधी बघा,’ ही त्यातली पहिलीच ओळ. चुकीचं ध्येय सुट्टीने सुधारत नाही. मग आठवडाभराची नोंद: त्रासाचं वर्तन दिवसातून किती वेळा, किती मिनिटं, त्याआधी काय घडलं, नंतर मुलाला काय मिळालं. ही नोंद नसली की सुट्टीत मूल बिघडलं की नाही हे आपल्या थकव्यावरून ठरतं. सेशन आठवड्याला ३ वरून १ वर आणायची, मग थांबायचं; परतीची तारीख आधीच ठरलेली. नवीन काही शिकवायचं नाही, पण चित्रकार्डं आणि दिनक्रमाचा तक्ता काढायचा नाही. मागायचं साधनच गेलं तर मूल ओरडूनच मागणार!

सगळ्यात उपयोगी पडला मोबाइलचा परिच्छेद. ओरडल्यावर आज द्यायचा नाही आणि परवा पाहुण्यांसमोर द्यायचा, याने ओरडणं जास्त चिवट होतं. कधीतरी मिळतंच, हे मुलाला कळतं. दुर्लक्ष सुरू केलं की ओरडणं बऱ्याचदा आधी वाढतं, मग उतरतं. नेमके वाढलेल्या क्षणी आपण नमतो आणि मूल आणखी जोरात ओरडायला शिकतं. म्हणून आजी-आजोबांसकट सगळ्यांचा एकच प्रतिसाद, आणि कार्ड दाखवून शांतपणे मागितलं तर लगेच द्यायचं. घरात एकमत नसेल तर हा नियम सुट्टीत सुरूच करू नका, असं तुम्ही स्पष्ट लिहिलंत. एवढं स्पष्ट सहसा कोणी लिहीत नाही.

डोकं आपटणं, चावणं, रस्त्यावर पळत सुटणं असेल तर सुट्टी नाही. मध्येच सुरू झालं तर तारखेची वाट न पाहता फोन. औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत.

परतल्यावर पहिली एक-दोन सेशन नुसती खेळाची, मग जुनी कौशल्यं तपासायची, आणि सोडलं होतं त्याच्या एक पायरी खालून सुरुवात.

आपले,
काही पालक