कार्ड घेण्याआधी

प्रिय विजय,
सप्रेम नमस्कार.

विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला मिळते म्हणून २,५०० रुपये वार्षिक शुल्काचे क्रेडिट कार्ड घ्यायचे तू जवळजवळ ठरवलेच आहेस. तरी आधी बँक खात्याचा गेल्या सहा महिन्यांचा उतारा काढून पाहावास, असे मला वाटते. नाशिकहून पुण्याला तू जातोस तो एसटीने! तुझा खरा खर्च किराणा, औषधे, वीजबिल आणि पेट्रोल यांवर होतो. तो महिन्याला २०,००० रुपये धरला, तर एक टक्का परताव्याने वर्षाला २,४०० रुपये मिळतील आणि शुल्क मात्र १८ टक्के जीएसटीसह २,९५० रुपये जाईल. म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शिवाय पेट्रोल आणि घरभाडे यांवर पुष्कळ कार्डे रिवॉर्ड पॉइंट देतच नाहीत.

तुला आजीवन निःशुल्क रुपे क्रेडिट कार्ड पुरेसे आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, त्यामुळे ज्या वाण्याकडे स्वाइप मशीन नाही, पण दुकानाचा क्यूआर कोड आहे, त्यालाही कार्डातून पैसे देता येतात. भावाला पैसे पाठवायला मात्र ते चालत नाही.

मला काळजी वाटते ती बिलावरच्या ‘किमान देय रकमे’ची, कारण दिवाळीत तुझा हात किती सैल सुटतो हे वहिनींइतकेच मलाही ठाऊक आहे. किमान रक्कम भरली की विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. २०,००० रुपये थकले आणि व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के असला, तर एका महिन्याचे व्याज ७०० रुपये आणि त्यावर जीएसटी १२६ रुपये होतो. असे तीन महिने गेले की वर्षभराचा परतावा संपला. त्यातच थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढलीस, तर व्याज पहिल्या दिवसापासूनच लागते, तेव्हा त्या वाटेला जाऊच नकोस.

म्हणून कार्ड हाती येताच पूर्ण रकमेचे ऑटो-डेबिट लावून घे. तुझा पगार १ तारखेला होतो, तेव्हा बिल भरण्याची तारीख त्यानंतर लगेच येईल असे बिलिंग सायकल, म्हणजे महिन्याच्या बिलाचे चक्र, मागून घे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते निदान एकदा बदलून मागण्याचा तुला हक्क आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी शुल्कांच्या तक्त्याचा फोटो मला पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत